चाक

उणे तीस. काचेवर आतून बर्फ.
मी नखाने बटणाएवढं भोक खरवडते
आणि स्टेशनसमोरचा चौक बघते:
टॅक्सीवाले किल्ल्या खुळखुळवतात,
गोण्यांवर गोण्या, वरच्या गोणीवर झोपलेलं पोर,
उलानबातरच्या कोळशाच्या धुरात
बसचे दिवे, डोळे आल्यासारखे.

"झामिन-ऊदहून येणारी गाडी
बावीस मिनिटे उशिरा धावत आहे."
वीस वर्षं हेच म्हणते.
'धावत आहे'ला अजून हसू येतं.

दाम्बाला मी कधी भेटले नाही.
त्याची बस त्या भोकात बरोबर मावायची,
टेकडीवरच्या तंबूवस्तीत चढणारी, तासाला एकच.
सुटायची वेळ होऊन गेलेली असायची.
माझा आवाज कर्ण्यातून खाली पडला की
तो उतरायचा,
मागच्या चाकाला लाथ घालायचा,
वाकून बघायचा, मान हलवायचा,
पुन्हा लाथ.
आतले उतारू चरफडायचे.
चाकाला काही झालेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं,
मलाही. चाकाला तर होतंच.

मग गाडी लागायची.
वाळवलेल्या दह्याची पिशवी छातीशी धरून त्सेन्द म्हातारी,
चिनी ब्लँकेटं विकणारे दोघे भाऊ,
घसरत, धापा टाकत चौक ओलांडायचे
आणि चाक बरं व्हायचं.

वेळापत्रकात गाडीचा रकाना वेगळा, बसचा वेगळा,
मध्ये नुसती रेघ.
त्या रेघेवर दाम्बा उभा असायचा.

तो निवृत्त झाला, असं चहावाली म्हणाली.
आता बस नवी, घट्ट काचांची, आतून उबदार.
कर्णा तिच्यात पोचत नाही.
ड्रायव्हर पोरगी घड्याळाची पक्की.
तिची काही चूक नाही.
पहिल्याच आठवड्यात त्सेन्द तीनदा
रिकाम्या थांब्यावर दिसली.
एकदा तिने वर पाहिलं.
मी दिसले नसेन. भोक ते केवढंसं.

आज पुन्हा बावीस मिनिटं.
सूचना दिली, माईक बंद केला,
कोट न घालताच जिना उतरले.
बसपाशी गेले. पोरगी काचेआडून बघत राहिली.
काय बोलणार?
वीस वर्षं बोलते आहे,
पण समोर माणूस नसताना.

मागच्या चाकाशी गेले.
लाथ घातली.
पोरगी धावत उतरली, "काय झालं?"

मी वाकून बघू लागले.
तीही वाकली.