कुंडी नंबर सात

बत्तीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले,
कॅम्पात, रास्ता पेठेत, शेवटी शेवटी धनकवडीत.
जिन्याखाली टॉर्च धरून
चकतीवरची काळी खूण फिरताना बघायची
आणि आकडा उतरवून घ्यायचा.
न वाचताच अंदाजे भरणारे होते. मी नाही भरला.

नोकरीच्या शेवटच्या फेरीत
ईस्ट स्ट्रीटमागच्या गल्लीतल्या मेबलबाईंनी
वर्तमानपत्रात गुंडाळून एक गड्डा दिला.
"लाव घरी. याला म्हणतात..."
आणि नेमका खाली पाण्याचा टँकर
बोंबलत मागे यायला लागला.
मी मान डोलावली,
ऐकू न आलेली माणसं डोलावतात तशी.
महिन्याभराने विचारायला गेलो
तर दाराला कुलूप, मीटरही काढून नेलेला.

गड्डा आल्यासारखा, पण मुळांना गाठी,
माळ तुटून मणी अडकून राहावेत तशा.
नखाने खरवडला. आत पिवळा नाही,
म्हणजे हळद नाही.
वास कापराच्या रिकाम्या डबीचा.
पालापाचोळा दोन वाटे, माती एक, वाळू एक,
आणि दोन पेरांपेक्षा खोल नाही.
डायरीत लिहिलं: कुंडी ७. नाव:
पुढची जागा मोकळी ठेवली.

आषाढात सुरळी उलगडली.
पान वरून रुपेरी पट्ट्यांचं, खालून वांग्याच्या सालीसारखं.
दूधवाला म्हणाला, कर्दळ.
सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, सोनटक्का,
दसऱ्यापर्यंत थांबा, घमघमेल.
थांबलो. दसरा गेला, दिवाळीचे आकाशकंदीलही उतरले.
मांजरीच्या नर्सरीतला तांबोळी
लांबूनच बघून म्हणाला,
"शोचं झाड आहे काका. दीडशेला जातं."
भाव कळला.

मार्गशीर्षात पानं पिवळी पडून आडवी झाली.
मी पाणी वाढवलं.
हिच्या आजारपणातही असंच केलं होतं,
जेवत नाही म्हणून ताट अजून भरायचं.

रणपिशांची हयात गेली
कॉलेजात वाळकी झाडं कागदावर चिकटवण्यात.
ते फोनवरच चिडले.
"झोपलेल्याला पाणी पाजतात का हो?
कुंडी सावलीत सारा आणि विसरा.
आणि नाव मी फुलाशिवाय सांगत नसतो.
पानावरून बोलायला मी काय ज्योतिषी आहे?"

सारली. पण विसरलो नाही.
शर्वाणीने मात्र रिकामी समजून
तिच्यात धणे पेरले.
सुनेला काय बोलणार?
वर दिसायला होतंच काय?

एप्रिलात, पारा एकोणचाळीसवर असताना,
ती सकाळी पोह्यांसाठी कोथिंबीर खुडायला गेली
आणि तिथूनच म्हणाली,
"बाबा, वरच्यांनी आपल्या कुंडीत फूल टाकलंय!"

टाकलेलं नव्हतं.
देठ नाही, पान नाही,
थेट मातीतून उठलेलं,
कोथिंबिरीच्या काड्यांत अवघडून.
वर पांढऱ्या पाकळ्या ताठ,
खाली जांभळी, मधोमध उभी चिरलेली.
वाकलो तेव्हा वास आला.
उभ्याने येत नव्हता.

रणपिसे दोन बस बदलून आले.
फरशीवर गुडघे टेकले, भिंग काढलं,
चहा निवला तरी बोलेनात.
मग म्हणाले, "भुईचाफा.
चाफ्याचा कोणी नाही हं हा. हळदीचा चुलतभाऊ.
नाव ठेवणाऱ्याने वास घेतला असेल फक्त."

संध्याकाळी फुलाचं पाणी झालं.
एकच दिवस असतं म्हणे ते.

मी गॅलरीत बसून मेबलबाईंचं तोंड आठवत राहिलो.
आवाज टँकरने नेला, पण ओठ दिसले होते.
सुरुवातीला मिटले होते,
शेवटी पुन्हा मिटून उघडले.
भु. फा.
बसतंय.
की मीच बसवतोय अंदाजे?

डायरी काढली.
कुंडी ७. भुईचाफा (रणपिसे यांच्या मते).
फुलं: एक. कळ्या शिल्लक: तीन.
कोथिंबीर: अर्धी जुडी.