पांढरी दोन, काळी दोन

कार्डावर तीन रकाने असतात: लय, पट्टी, भाव.
पहिले दोन भरायला मला चार मिनिटंही पुरतात.
तिसऱ्यापाशी मी पेन्सिलीला टोक काढत बसते.

टाम्पेरे, तळघर, खोका एकोणचाळीस.
बारा जणांचा वाद्यवृंद, टँगो,
तीन मिनिटं आठ सेकंद.
लेबलवर कुणाच्या तरी कॉफीच्या कपाचं वर्तुळ.
मी लिहिलं: लय चौसष्ट. पट्टी काळी दोन, मायनर.
आणि लिहिता लिहिता अडले.
काळी दोनमध्ये कोण कशाला वाजवेल?
व्हायोलिनची एकही मोकळी तार तिथं साथ देत नाही,
आणि गारठलेली बोटं घेऊन
त्या वाटेला आपणहून कुणी जात नाही.

उर्पो नव्वदीचा. बारातला उरलेला एक. डबल बास.
गुडघे गेलेत, कान शाबूत.
डोळे मिटून त्यानं थोडंसं ऐकलं.
"हे आम्ही नाही."
मग बऱ्याच वेळानं,
"म्हणजे आम्हीच. पण कुत्रं मागं लागल्यासारखे."

फेब्रुवारी होता म्हणे, शाळेची व्यायामशाळा,
खिडक्यांना घोंगड्या ठोकलेल्या.
सहाला पलीकडच्या कापडगिरणीत पाळी बदलायची,
शेकडो माग एका दमात वीज ओढायचे
आणि दिवे पिवळे पडायचे.
तबकडी कोरणारं यंत्रही तेवढंच दमलं असणार.
हळू कोरलेलं नेमक्या वेगानं फिरवलं
की ते धावतं,
धावता धावता अर्धा सूर वर चढतं.
त्यांनी वाजवली होती पांढरी दोन, साठची लय.
चौसष्टनं कुणीच वाजवलं नव्हतं. कधीच.
आणि तळ्याकाठच्या लाकडी मंडपात
तीस उन्हाळे लोक नाचले ते त्या चौसष्टवर.

मी वेग उतरवला.
उर्पोच्या हनुवटीनं सम पकडली.
"हं. आता ओइवाचा भाता ऐकू येतो,
ओढण्याआधी तो असा थोडा थांबायचा."
ओइवाला जाऊन चाळीस वर्षं झाली.
मला वाटलं, झालं काम.

गुरुवारी सायमा आली. ही तबकडी तिनंच दिलेली,
नवऱ्याच्या कपाटातून, मोजे गुंडाळून.
तिला दुरुस्त केलेलं ऐकवलं.
कपाटांच्या मधल्या बोळात ती उभी राहिली,
डावा हात कुणाच्या तरी खांद्याच्या उंचीवर.
दोन पावलं नीट पडली.
तिसरं पाऊल पोचलं, आणि ठोका अजून यायचाच होता.
"हा कुणासाठी खोळंबलाय?" तिनं विचारलं.
हात खाली घेतला.
"यात टाउनो नाही."

मी तिला तारांचं, दिव्यांचं, यंत्राचं सांगितलं.
ती ऐकत होती, बुटाचा बंद सोडत, बांधत.
"मला इतकी वर्षं वाटायचं, घाई त्याला होती.
घराची, मुलांची. मला ओढत न्यायची."
मी विचारलं, तेव्हा तुम्ही कुठं होतात कामाला?
"कुठं म्हणजे? गिरणीत. सगळ्याच गिरणीत."
संध्याकाळच्या पाळीला?
"कधी सकाळची, कधी संध्याकाळची. फेब्रुवारीतली कुणाला आठवते?"
मग हसली.
"माझा माग मात्र वीज फार खायचा.
मुकादम बोंब मारायचा नुसता."

दोन्ही प्रती ठेवल्यात.
लयीच्या रकान्यात साठ, त्यावर चौसष्ट.
पट्टीत पांढरी दोन, खोडलेली, पुन्हा लिहिलेली.
भावाच्या रकान्यात सध्या एवढंच:
दिवे पिवळे.
साहेब विचारतील हे काय.
विचारू देत.