तीनशेपैकी एकशे बारा

दांडिया बाजारात फ्रेमला टाकली तेव्हा
हसमुखभाईंनी ती दोनदा फिरवली.
"गुप्तेसाहेब, सीधी बाजू कई?"

समुद्राला दार, दाराला चोच,
चोचीत कुणाचा तरी चष्मा.
मी पेन्सिलीचा आकडा दाखवला, ११२/३००.
आकडा खाली. बाकी चित्राचं चित्र जाणे.

एलआयसीची पॉलिसी मोडली होती.
घरी सांगितलं, कॅलेंडरच आहे, जरा जाड कागदाचं.

झोप येत नाही त्या रात्री
उरलेल्या दोनशे नव्व्याण्णवांकडे जाऊन येतो.
कुणी लिस्बनला, कुणी ओसाकाला,
बनियनवर
याच चोचीपुढे उभे.
एकशे अकरा आणि एकशे तेरा तर
शेजारीच की माझे,
साखर मागायला जावं इतके.

काल मृदुलेनं फ्रेम पुसता पुसता म्हटलं,
"अहो, चष्मा तुमचाच आहे हा."

मी नाक चाचपून पाहिलं.