एक वाव दोरी

उठून उभी राहिले की नाडी एकशे अडतीस.
दात घासताना एकशे बेचाळीस.
घडलेलं काहीच नसतं,
मी फक्त पलंगावरून उठलेली असते.

काळजाचा ठोका चुकला, म्हणतात लोक.
माझा एकही चुकत नाही.
उलट न बोलावलेले येतात,
दार सताड उघडं असताना
कुणी थापा मारत राहावं तसे.

सतरा वर्षं मी कॉड चिरत उभी होते,
रबरी बुटांत, ओल्या फरशीवर,
लोफोटेनच्या ह्या टोकाला जिथे रस्ता संपतो.
आता बेसिनपाशी स्टूल आहे
आणि शॉवरखाली प्लास्टिकची खुर्ची.
स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे कुणी शिकवायला नको.
राहिले.
रक्त पोटऱ्यांत जाऊन बसलं ते बसलंच,
डोक्याकडे यायचं नाव नाही.

बोडोच्या इस्पितळात मला टेबलाला बांधून टेबल उभं केलं.
अंधारी आली. कागदावर डोंगर उमटले.
डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदय धडधाकट आहे,
हिशेब तेवढा चुकतोय त्याचा.
पाणी वाढवा. मोजे घट्ट घाला. मीठ खा.
व्यायाम करा, पण आडवं पडून.

मीठ!
आमच्या गावात ते कुणाला चिठ्ठीवर लिहून द्यावं लागलं नव्हतं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
तर रोज सकाळी मी ह्या देहाला सांगते,
चमचे मोजून खातेय बाबा, जाग.

पहिला आठवडा गालिच्यावर.
टाचा सोफ्यावर, गुडघे आत, बाहेर, दोन मिनिटं.
मांजर पोटावर येऊन बसलं, त्याला वाटलं खेळ आहे.
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले.
मग दोनाचं दीड मिनिट केलं.
ही माघार लिहून ठेवायची, असं योरिडने सांगितलंय.
योरिड म्हणजे फिजिओ, दर मंगळवारी फेरीने येते.
म्हणते, घड्याळातल्या आकड्याशी पैज लावू नकोस,
बोलून बघ.
वाक्य पूर्ण होतंय तोवर चालू दे,
तुटलं की थांब.
गरगरलं तर त्या दिवसापुरतं तेवढंच.

ओद्वार शेजारी. शहात्तर वर्षांचा, गुडघ्यांनी मेलेला.
कुंपणावरून ऐकत असावा.
म्हणाला, वल्हवणं हे बसूनच करायचं काम आहे.

एप्रिल. डोंगरावर बर्फ, धक्क्यावर ऊन.
त्याने होडी लोखंडी कडीला बांधली, दुहेरी गाठ मारून.
आणि जाळं घेऊन बसला, जणू माझ्याकडे लक्षच नाही.

मी वल्ही मारली.
होडी चार हात गेली,
दोरी ताणली, पाणी झटकलं,
होडी परत आली.
'वाक्य!' तो ओरडला.
'परवाच्या पावाला बुरशी आलीय.'
'वाक्य!'
'सतरा वर्षं मी उभी होते
आणि बस असं कुणी म्हणालं नाही.'
'वाक्य!'
'मला भीती वाटते की'

वल्ही खाली.

चार मिनिटं झाली होती.
उरलेलं वाक्य त्याने विचारलं नाही.
मी लगेच उठलेही नाही,
फळीवर पाय टाकून, पाठ टेकून पडून राहिले.
वर मांडवावर कॉड वाळत होते,
शेपटीला शेपटी बांधून, डोकी खाली.
त्यांना भोवळ येत नसणार, असं मनात आलं
आणि हसू आलं,
आणि हसताना छाती धडधडली ती नेहमीसारखीच,
पण ह्या वेळी निदान कशाने ते मला माहीत होतं.

घरी आले ती सावकाश. मध्ये दोनदा बसले,
एकदा बेर्गलियोटच्या पायरीवर. ती कॉफी घेऊन आली, मी पाणी मागितलं.

पुढच्या गुरुवारी धक्क्यावर गेले
तर ओद्वार नव्हता.
होडी होती. गाठ तीच, दुहेरी.
दोरी ओढून, हात पसरून मापली,
लहानपणी जहाजावरची माणसं मापत तशी.

एक वाव जास्त होती.