करंगळी

वणीहून खाणीची तपासणी-वही येते
बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर,
आठवडाभरानं, पानापानावर काळा अंगठा.
मी ती संगणकात भरते.
उतार ठीक. हॉर्न ठीक. दिवे दोन बंद.
गुणवंत टेकाम, पहाटे पाच चाळीस.

मंगळवारी त्यानं लिहिलंय:
उत्तर कडेला भेग. काल करंगळी जात नव्हती,
आज जाते.

रकान्याला मिलिमीटर लागतात.
टेबलाच्या फटीत माझी करंगळी घालते,
पट्टी धरते. अकरा.
त्याची जाड असणार.
साहेब म्हणतात, बारा टाका ना, काय फरक पडतो.

मी रकाना सोडून पान उलटते.
बुधवार. अक्षर त्याचंच, जरा घाईचं:
दोन बोटं. खालची माणसं वर घेतली.
हॉर्न ठीक.