पान दोनशे बारा

नारिन नदीकाठच्या त्या गावात
बुरुलचा असानबेकची पुस्तकं किलोवर काढते.
काँक्रीटची, पाण्याच्या दाबाची, भूकंपाची.
रशियन तिला बाजारापुरतं येतं,
सूत्रं म्हणजे नुसत्या मुंग्यांच्या रांगा.

रद्दीवाल्याचा काटा स्थिरावतो न स्थिरावतो
तोच धरणावरचा तिलेक धापा टाकत येतो.
म्हणतो, गळतीचा छापील तक्ता
दुसऱ्याच कुठल्या डोंगराचा आहे.
आपल्या डोंगराचे आकडे
यजमानांनी समासात लिहिलेत,
तीस हिवाळे, खालच्या बोगद्यात
विजेरी दातात धरून.

ती पान उलटते.
आहेत. बारीक, उजवीकडे कललेले,
तो चालायचा तसे.
आणि सगळ्यात जुन्या आकड्याखाली, त्याच पेन्सिलीनं:
घोडीचं दूध, चार लिटर. बुरुलचाचे पैसे द्यायचेत.

तेव्हा ती त्याच्या खोलीवर दूध घालायची.
पैसे काही त्यानं दिले नाहीत.
लग्न केलं.

काट्यावरून एवढं एकच पुस्तक ती उचलते,
पोराच्या छातीशी टेकवते.
आकडे उतरवून घे, म्हणते,
आणि परत आणून दे.
माझी उधारी आहे त्यात.