विसर की विराम

फेरीबोटीला तिकीट नसतं चालत्या माणसाला.
तरी ती रोज पर्स उघडायची
आणि मी रोज हात हलवायचो.
चार वर्षं हाच आमचा पहिला प्रवेश.

दिवाडीच्या टेकडीखाली मिनेझिसांच्या रिकाम्या घरात
ती भाड्याने राहायची.
बँकेच्या कागदावर एडना क्लेग,
जुन्या जाहिरातींवर इसोबेल फेन.
मासळीवाली सुशांती दोन्ही बाजूला सारून म्हणायची
नाटकीण बाय.

मी खलाशी. दोर टाकतो, फळी उतरवतो.
पण नार्व्याच्या उत्सवातल्या नाटकांना मी प्रॉम्प्टर,
डाव्या विंगेत, बॅटरी आणि वही घेऊन.
हे तिला कळलं त्या दिवशी
तिने पर्स उघडली नाही.
शेजारी येऊन उभी राहिली,
एकाच धंद्यातली माणसं उभी राहतात तशी.

माझं इंग्रजी बोटीपुरतं, तिची कोंकणी बाजारापुरती.
सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत सांगायची:
कापडगिरण्यांचं धुरकट गाव,
बाप सूत मोजायचा, ही माणसांच्या चाली.
पंधराव्या वर्षी कंपनीत. दर सोमवारी नवं नाटक,
शनिवारी रात्री जुनं डोक्यातून झाडून काढायचं.
एका हिवाळ्यात तिने सात लग्नं केली, तीनदा विष घेतलं,
आणि खोलीची मालकीण बटाटे मोजून वाढायची.

सिनेमे अकरा.
अकराही सिनेमांत ती दार उघडते.
कुणी मोठं आत येतं, ती बाजूला होते.
एकदाच कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबला,
चाळीस सेकंद, जिन्यात, तार वाचताना.
आई नवी टोपी घालून बघायला गेली.
कात्रीतून उरला होता कठड्यावरचा हात.
"पण हात चांगला केला मी," असं म्हणून
फेरीच्या गंजक्या कठड्यावर तो ठेवून दाखवला.
खरंच. काय हात होता तो.
तार न वाचता मला कळलं कोण गेलं ते.

मग टीव्हीची मालिका, नऊ वर्षं;
शेवटी लेखकाने तिला बसखाली घातलं.
लोकांनी घरी फुलं पाठवली.
तिने ती पाण्यात ठेवली.
बाराव्या सिनेमासाठी गोव्याला आली,
गव्हर्नरची विधवा, तीन वाक्यं.
पैसे संपले, शूटिंग मोडलं, ट्रंका परत गेल्या.
ती राहिली.
का, ते विचारायला सहा मिनिटं पुरत नाहीत.

एकदा तालमीला येऊन बसली. शब्द कळत नव्हता.
दुसऱ्या अंकात आमचा गुरुदास बोलता बोलता गप्प झाला
आणि मी वहीतून पुढचं वाक्य फेकलं,
तशी ती खुर्चीवरून उठली, रागाने लाल.
"तो विसरला नव्हता. तो थांबला होता.
प्रॉम्प्टरला एवढंच यायला हवं."
पंचवीस वर्षं मी ती वही धरतोय.
कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षात
बोट मधोमध असताना ती बोलू लागली.
माझ्याशी नाही. खारफुटीच्या वर कुठेतरी,
जिथे बाल्कनीची शेवटची रांग असावी.
ताठ कण्याचं, ऐकलं नव्हतं असं इंग्रजी.
पावाची सायकल धरून उभा पोदेर
सिगरेट पेटवायचा राहिला.
आणि एका वाक्याच्या मध्यावर ती थांबली.

हात कठड्यावर. तोंड किंचित उघडं.
डोळे माझ्याकडे वळले, विंगेकडे वळतात तसे.

माझ्याकडे वही नव्हती.
असती तरी ती भाषा नव्हती.
मी तिचा श्वास बघत राहिलो.
खांदा उचलला तर विराम,
पापणी फडफडली तर विसर,
एवढं तिनेच शिकवलं होतं.
खांदा उचलला नाही.
पापणीही हलली नाही.

नार्व्याचा धक्का लागला.
मी दोर टाकला, साखळी हातात धरून ठेवली,
फळी उतरवली नाही.
मागून सुशांती ओरडली,
"उगड मरे, नुस्तें कुसता!"
मी बोट ओठांवर ठेवलं.
आणि ती सुद्धा, जन्मात पहिल्यांदा,
टोपली डोक्यावर तशीच धरून
गप्प उभी राहिली.